पाडवीच्या वाट्याची पेज

माझी शेवटची पोस्टिंग माझ्याच शहरात होती. मी लालबागचा. भरती झालो तेव्हा वाटलं होतं, बर्फ बघू, वाळवंट बघू. दोन्ही बघितलं. पण नोकरीतला सगळ्यात वाईट दिवस गिरगावात आला, घरापासून बसने अर्ध्या तासावर. लोक मला सीमेबद्दल विचारतात. मी गिरगावबद्दल सांगतो, तेव्हा त्यांचा चेहरा उतरतो. शत्रू नसलेली लढाई त्यांना ऐकायची नसते. शत्रू होता. त्याला गणवेश नव्हता, एवढंच.

आमची इंजिनियर कंपनी कुलाब्यात होती. सॅपरचं काम म्हणजे पूल बांधणं, सुरुंग काढणं, जिथे रस्ता नाही तिथे तो करणं. सकाळी पीटी, मग स्टोअरमधल्या जॅक, करवती, टेकू यांची देखभाल, दुपारी ड्रिल, संध्याकाळी व्हॉलीबॉल. लंगर, म्हणजे कंपनीचं स्वयंपाकघर, नायक महादेव शिंदे चालवायचे. आम्ही त्यांना महादेवदादा म्हणायचो. त्यांच्या लंगरात एक रिवाज होता. जो जवान सगळ्यात लांब ड्यूटीवर असेल त्याचं ताट आधी निघायचं. त्याने खाल्ल्याचा निरोप आल्याशिवाय जेवणाची लाइन उघडायची नाही. कुलाब्यात सगळ्यात लांब म्हणजे मागच्या गेटचा सेन्ट्री. निरोप लगेच यायचा. त्यामुळे या रिवाजाचं वजन कधी कळलंच नाही.

लान्स नायक दौलत पाडवी आमच्या सेक्शनचा टूआयसी, म्हणजे कमांडरच्या खालोखालचा. नंदुरबारकडचा, सातपुड्यातला. अंगाने काटक, बोलायला तिखट. मला नावाने हाक मारायचा नाही, "ए लालबाग" म्हणायचा. त्याला मुंबई आवडत नव्हती. "तुमच्या गावात झाडावर चढायचं तर परवानगी काढावी लागते," म्हणायचा.

ऑक्टोबरमधला दिवस. सकाळी सातला कॉल आला. गिरगावात एका जुन्या चाळीचा मागचा भाग कोसळला होता, माणसं आत होती. सिव्हिल प्रशासनाने सैन्याची मदत मागितली. आमचा सेक्शन पहिल्या गाडीने निघाला. सुभेदार साहेब पुढे, मेजर साहेब मागच्या जीपमध्ये.

ती चाळ धोकादायक आहे हे गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. दारावर तशी नोटीस चिकटवलेली होती, आणि त्याच दारातून माणसं रोज कामाला जात होती, कारण दुसरीकडे जायला जागा नव्हती. मालकाला दुरुस्ती नको होती. त्याला जमीन मोकळी हवी होती. ती त्या सकाळी अर्धी मोकळी झाली. मी हे रागाने लिहितोय आणि राग झाकणार नाही.

फायर ब्रिगेडने आम्ही पोचायच्या आधीच बऱ्याच लोकांना बाहेर काढलं होतं. मागच्या स्वयंपाकघरात एक म्हातारी बाई अडकली होती, तिचा आवाज येत होता. गॅसचे सिलिंडर ढिगाऱ्याखाली फुटले होते, वास नाकाला झोंबत होता. मेजर साहेबांची पहिली ऑर्डर हीच, "नो फ्लेम. पूरी गली में माचिस भी नहीं." आम्ही बोगदा खणायला घेतला. हाताने. एक टेकू, दोन हात पुढे, पुन्हा टेकू.

लंगरची गाडी चर्नी रोडलाच अडकली. ॲम्ब्युलन्स, पोलीस, बघे. महादेवदादा तांदूळ-डाळीचं पोतं खांद्यावर टाकून चालत आले. भांडं गाडीतच राहिलं, आणि असतं तरी आमच्या गल्लीत चूल पेटवायची सोय नव्हती. दोन गल्ल्या सोडून खोताची वाडी. तिथल्या एका लाकडी घराच्या व्हरांड्यात पास्कल अंकल उभे होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, बोटीवर नोकरी केलेला. महादेवदादांची विचारपूस करून ते आत गेले आणि बिडाचं एक काळंकुट्ट भांडं ओढतच बाहेर घेऊन आले. तीन आखूड पाय, जाड झाकण, झाकणाला वर उचललेली कड.

"डच अव्हन," अंकल म्हणाले. "माझ्या बापाचा. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी अंगणात यातच मटण होतं. तुमची खिचडी काय चीज आहे!"

हे मला नंतर महादेवदादांनी सांगितलं. मी तेव्हा बोगद्याच्या तोंडाशी माती उपसत होतो. पण भांडं उचलायला माणूस हवा म्हणून सुभेदार साहेबांनी मला पाठवलं, तेव्हा मी दोघांचं भांडण स्वतः ऐकलं. अंगणात कोळसे फुललेले होते. भांडं त्यांच्यावर पायांवर उभं होतं आणि झाकणाच्या कडेच्या आत वरूनही निखारे रचले होते.

"खाली कमी, वर जास्त," अंकल म्हणत होते. "नाहीतर बूड लागणार."

"अहो अंकल, केक नाही करत मी. खिचडी आहे. हिला खालूनच उकळी पाहिजे. वरचे फक्त वाफ धरायला."

"आणि झाकण?"

"ते मी उघडत नाही. तुम्हीही उघडायचं नाही."

"माझं भांडं आणि मलाच ऑर्डर?"

"आज तुम्ही लंगरमध्ये भरती झालात. ऑर्डर ऐकायची."

अंकल हसले आणि चिमट्याने झाकण थोडं फिरवलं. झाकण एका जागी राहिलं तर एका बाजूने करपतं, म्हणून मधूनमधून ते फिरवायचं असतं. महादेवदादांनी मान डोलावली. दोन्ही बाजूंनी शस्त्रसंधी झाली.

निखारे अंगणातच झाडून आम्ही भांडं बांबूला लटकवून चाळीशी आणलं. बीड एकदा तापलं की सहज निवत नाही. भांड्याजवळ उभं राहिलं तरी पायांना झळ लागत होती. जिऱ्याचा वास सुटला. सकाळपासून कुणाच्या पोटात काही नव्हतं. सुभेदार साहेब म्हणाले, "म्हातारी बाहेर आली की जेवण." बोगद्यात पाडवी होता. आमच्यात तोच त्या फटीतून जाऊ शकत होता.

म्हातारी बाहेर आली. पाडवीने तिला आतून ढकललं, आम्ही बाहेरून ओढलं. धुळीने पांढरी झालेली, पण शुद्धीवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या चालू असतानाच वरचा स्लॅब बसला. मोठा आवाज झाला नाही. पोतं खाली ठेवल्यासारखा आवाज आला, आणि बोगद्यातून धूळ बाहेर आली.

"पाडवी! पाडवी, रिपोर्ट! ओव्हर!"

वायरलेस सेट खरखरला. "पाडवी. जिवंत. कमरेखाली स्लॅब आहे. पाय कळत नाहीत. ओव्हर."

मेडिकल ऑफिसर कॅप्टन मॅडमनी सेट घेतला. प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली. मग सेट बाजूला धरून आम्हाला म्हणाल्या, "बोलत ठेवा त्याला. झोपू देऊ नका." त्या पुढे जे बोलल्या नाहीत, ते आम्हाला समजलं.

त्याच्यापर्यंत जायला आता नवा बोगदा, नवे टेकू, आणि शेवटी स्लॅबखाली जॅक लावायचा होता. फटीत एका वेळी दोनच माणसं मावत. टेकूचं काम येणारे आम्ही मोजके. दुसरा सेक्शन येतोय, असं सेटवर सांगत होते. तो रस्त्यातच होता.

दुपार झाली. भांडं तसंच बंद उभं होतं.

मेजर साहेबांनी ते पाहिलं. "साहब, पहले लड़कों को खाना खिलाओ."

सुभेदार साहेबांनी सावधान होऊन सांगितलं, "सर, पाडवी ने खाया नहीं है."

"यह ऑर्डर है."

"जी सर."

ऑर्डर झाली. महादेवदादांनी पळी हातात घेतली. कुणी पुढे आलं नाही. मेजर साहेबांनी ऑर्डर पुन्हा दिली नाही. त्यांनीही खाल्लं नव्हतं. बाहेरच्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल. वेडेपणाच होता. सगळ्यात लांबची चौकी आमच्यापासून वीस फुटांवर होती, आणि तिथून निरोप आला नव्हता.

मग माझ्या जोडीदाराच्या हातून जॅक निसटला. उपाशी हातात जोर उरला नव्हता. जॅक टेकूवर आदळला, वरून विटा आल्या. टेकू टिकला. नशीब. सुभेदार साहेबांनी शिवी दिली आणि आम्हाला बाहेर ओढलं. पाडवीने आतून सगळं ऐकलं होतं.

"लालबाग, सेटवर ये. ओव्हर."

"बोल. ओव्हर."

"जेवलात का रे? ओव्हर."

मी बंद भांड्याकडे पाहिलं.

"मला खिचडीचा वास येतोय. खोटं बोलू नको. जेवलात?"

"तू आधी."

पाडवी म्हणाला, "मूर्ख आहात. मग मला पाठवा काहीतरी. भूक लागलीय. थंडी पण वाजतेय. ओव्हर."

ऑक्टोबर होता. आमच्या बनियनमधून घाम गळत होता.

कॅप्टन मॅडम म्हणाल्या, पातळ, मीठ घालून, घोट घोट. महादेवदादांनी पहिल्यांदा झाकण काढलं. वाफेचा ढग उठला. वरची मऊ खिचडी काढून त्यांनी गरम पाण्यात घोटली, चाळीतल्या एका मावशीने दिलेल्या स्वच्छ पंच्यातून गाळली. पेज झाली. बोटाने चाखली. फटीतून प्लॅस्टिकची नळी आत सरकवली. आम्हाला दिसत काही नव्हतं, पाडवी सांगत होता.

"डावीकडे... अजून... थोडी ढकल. बस. मिळाली. ओव्हर."

महादेवदादांनी नरसाळ्यातून पेज ओतली. हळूहळू. पेज खाली गेली.

"आली? ओव्हर."

"आली. गरम आहे."

"खातोयस?"

"खातोय. महादेवदादांना सांग, मीठ कमी आहे. ओव्हर."

"मीठ कमी?" महादेवदादा ओरडले. "मी चाखून पाठवलीय! याची जीभ सातपुड्यात राहिली काय?"

आम्ही हसलो. त्या दिवसात तेवढंच. अजून दोन वाट्या ओतल्या. पाडवी म्हणाला, "पोट भरलं. आता तुम्ही. आणि पोटभर. उपाशी माणसाच्या हातातला जॅक मला माझ्या डोक्यावर नको. पाडवी आउट."

लाइन उघडली. आम्ही खाल्लं. मी उभ्याउभ्या, कागदाच्या बशीत, बोटं भाजत खाल्लं. तशी खिचडी मी पुन्हा खाल्लेली नाही. डाळ विरघळलेली, तांदळाचा दाणा शाबूत, बुडाला लागलेली लालसर खरपूड आम्ही खरवडून वाटून घेतली. अंकल बघत होते. म्हणाले, "बूड लागलं की नाही?" महादेवदादा म्हणाले, "लागायलाच पाहिजे होतं, मुलं भांडतात त्यासाठी." हातांत जोर आला. हे खोटं नाही. नवा बोगदा त्यानंतर सरसर पुढे गेला. जॅक बसला. स्लॅब तसूतसूने उठू लागला.

पाडवी आधी उत्तरं देत होता. मग एकेक शब्द. मग सेट चालू, उत्तर नाही. आम्ही काम थांबवलं नाही. त्याच्याशी बोलणंही थांबवलं नाही. मी त्याला लालबागच्या गल्ल्या सांगत होतो, एकामागून एक, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

उजेड असतानाच पोचलो. आत पहिला मी गेलो. तो गेला होता. डावा हात पुढे ताणलेला होता. त्या हाताच्या पुढे पडलेल्या खिडकीचे गज होते आणि गजांच्या पलीकडे आमची नळी. त्याच्या बोटांपासून वीतभर लांब. नळीच्या तोंडाशी विटांच्या भुग्यात पेज झिरपून गेली होती, वर तांदळाची पांढरी साय वाळली होती. त्याच्या ओठांवर फक्त धूळ होती. तीन वाट्यांतला एक घोटही त्याला मिळाला नव्हता.

मी बाहेर आलो तेव्हा महादेवदादांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. ते खाली बसले. कॅप्टन मॅडम म्हणाल्या, पेज मिळाली असती तरी तो वाचला नसता. खरं असेल. महादेवदादांना त्याचा काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी बॅनर लागला. पाडवीचा फोटो अंगठ्याएवढा, श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो छातीएवढे. मी आणि महादेवदादांनी तो उतरवला. कुणी अडवलं नाही. आम्ही युनिफॉर्ममध्ये होतो. ज्याने ती चाळ कुजू दिली त्याचा फोटो कुठल्याच बॅनरवर नव्हता, आजही नाही. तिथे आता पत्र्याचं कुंपण आहे. मी सैन्य सोडलं आहे आणि हे चाळींच्या भाडेकरूंच्या प्रत्येक सभेत मालकाचं नाव न घेता सांगतो, कारण नाव घेतलं तर सभा बंद पडते. घ्यायचा दिवसही येईल.

पाडवीची आई त्याच्या धाकट्या भावाबरोबर कुलाब्याला आली. बारीक बाई, हातावर गोंदण. मराठी तुटक बोलायची. मेजर साहेबांनी सलाम केला, सामान सुपूर्द केलं, जे बोलायचं ते बोलले. तिने ऐकून घेतलं. मग आमच्यापैकी कोण त्याच्याजवळ होता, असं विचारलं. मी पुढे झालो. सुभेदार साहेबांनी आधीच मला बजावलं होतं, आईने विचारलं तर हो म्हण.

"जेवला होता का?" तिने विचारलं.

"नाही, आई," मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं. नळी, गज, सेटवरचं बोलणं. सुभेदार साहेबांनी मान फिरवली.

ती रडली नाही लगेच. धाकट्याकडे बघून म्हणाली, "घरी पण असाच. खाल्लं, खाल्लं म्हणायचा. भाकर याच्या ताटात." भाऊ खाली बघत राहिला.

मग तिने माझा हात धरला.

"तुम्ही सगळे जेवले?"

"हो, आई."

"पोटभर?"

"पोटभर."