यादीतले सातवे नाव

देवापुढे डोळे मिटून बसलेला मनुष्य काय मागतो आहे, हे शेजारच्याला कळत नाही, हे एक बरे आहे. चैत्रातले लागोपाठ तीन गुरुवार मी दत्तमहाराजांपुढे बसलो आणि एकच मागणे मागितले : शिरीषच्या हातून हे पुढारपण जावे. कसे जावे, ते मी महाराजांवर सोपवले होते. त्याचा पाय मुरगळला असता तरी चालले असते, कंपनीने त्याला परदेशी पाठवले असते तरी चालले असते. बावीस वर्षांच्या उपासनेनंतर माझी प्रार्थना या थराला आली होती, आणि मला तिची लाजही वाटत नव्हती. मी स्वतःला अन्याय झालेला मनुष्य समजत होतो.

दिल्लीत एका सरकारी कचेरीबाहेर टेबल मांडून मी लोकांचे अर्ज लिहून देतो. शिक्षण पहाडगंजच्या मराठी शाळेत नववीपर्यंतच झाले. तथापि माझा हिंदी मसुदा साहेबांना दोनदा वाचावा लागत नाही, असा माझा लौकिक आहे. आर. के. पुरमच्या आसपास राहणाऱ्या आम्हा सात मराठी मित्रांनी हरिद्वारपर्यंत सायकलने जाण्याचे ठरवले. महाराष्ट्रातून उपचारासाठी येणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक इथल्या रुग्णालयांबाहेर पदपथावर झोपतात. त्यांच्यासाठी निवारा उभा राहावा म्हणून मदत मागत जायचे, ही कल्पना शिरीषची, म्हणून यात्रेचे पुढारपणही त्याच्याकडेच. आवाहन मात्र मी लिहिले, चार दिवस खपून. सभेत ते शिरीषने वाचून दाखवले. बायकांनी डोळ्यांना पदर लावले, आणि वाचन संपताच सारी सभा उठून त्याच्याभोवती गोळा झाली. “हे दादांनी लिहिलंय,” असे तो म्हणाला होता. पण टाळ्यांत ते कोणाला ऐकू गेले नाही. मला गेले. त्याने ते पुरेशा मोठ्याने म्हटले नाही, याचा मला राग आला.

त्यानंतर मला त्याचे काहीच सोसेना. तो गुरुग्रामला मोठ्या हुद्द्यावर, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, सहा फुटांहून उंच, आणि त्याची सायकल एका हाताने उचलावी इतकी हलकी. माझी झंडेवालानच्या बाजारातून घेतलेली जुनी. घरी माझे बोलणे त्याच्यावरून सुरू होऊन त्याच्यावरच संपे. शेवटी सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, जेवताना तरी त्या शिरीषला बाहेर बसवा. भाजी निवतेय.”

याच दिवसांत मुरादनगरपासून पुढे गंगेच्या कालव्याकाठच्या रस्त्याने जाण्यासाठी परवानगीचा अर्ज करावयाचा होता. दुरुस्तीमुळे तो रस्ता बंद होता. परवानगीपत्रात ज्यांची नावे, त्यांनाच सोडणार होते. अर्ज अर्थात मी लिहिला. सहा नावे लिहून झाली आणि माझी लेखणी थांबली. सातवे नाव शिरीषचे. मी ते लिहिले नाही. यादीतून एक नाव गळले तर काय होते, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? गळलेल्या एका नावापायी वर्षानुवर्षे खेटे घालणाऱ्या विधवा माझ्याच टेबलापुढे बसतात. तरीही मी कागद सुभेदार जाधवांपुढे ठेवला. छावणीत राहणारे हे साताऱ्याचे गृहस्थ आमच्यात सर्वांत वडील. अर्जावर त्यांची सही लागणार होती. त्यांनी न वाचताच सही केली. “तुम्ही लिहिलंय म्हटल्यावर बघायचं काय त्यात?” असे म्हणाले. मंजुरी आली, ती त्याच सहा नावांची. फाइल मी माझ्याच पिशवीत ठेवली.

शनिवारी पहाटे आम्ही निघालो. गाझियाबादपर्यंत शिरीष सर्वांना हसवत पुढे चालला होता आणि मी मागून त्याची पाठ पाहत होतो. आठच्या सुमारास कालव्यावरच्या चौकीशी पोहोचलो. पहारेकऱ्याने चष्मा लावून प्रत्येकाचे आधारकार्ड यादीशी ताडून पाहिले. शिरीषचे कार्ड त्याने परत केले.

“आपका नाम नहीं है, भाईसाहब.”

“ऐसा कैसे? देखिए ना ज़रा.”

“छह नाम हैं, छह ही जाएँगे. आप हाईवे से चले जाइए.”

सुभेदारांनी तिथेच नकार दिला. त्या हमरस्त्यावर मालमोटारींच्या गर्दीत कोणी एकट्याने सायकल चालवायची नाही, असा त्यांचा निघण्यापूर्वीचा दंडक होता. ते माझ्याकडे वळून म्हणाले, “नाव राहिलं कसं हो?” मी म्हणालो, “छपाईत गळलं असेल.” इतक्या सहज बोललो, की माझा मलाच अचंबा वाटला.

शिरीषने सायकल कालव्याच्या कठड्याला टेकवली. मग सुभेदारांना हळू आवाजात म्हणाला, “बाबांना इथे उपचाराला आणलं होतं तेव्हा मी कॉलेजात होतो. सव्वा महिना बाबा आणि मी हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर झोपलो. ते गेले. तेव्हाच ठरवलं होतं, काहीतरी करीन आणि त्यांच्या नावानं गंगेवर जाऊन सांगीन. जाऊ दे, पुन्हा कधीतरी.” मग त्याने गळ्यातली पुढाऱ्याची शिट्टी काढून माझ्या हातात दिली. “दादा, आता पुढे तुम्ही राहा. कागद तुमच्याकडेच आहेत.”

माझे मागणे शब्दशः पूर्ण झाले होते. शिट्टी माझ्या मुठीत होती, आणि खोटे कशाला लिहू, क्षणभर मला बरे वाटले. मात्र तो क्षण सरताच मला त्यांच्यात उभे राहवेना. पाण्याच्या निमित्ताने मी बाजूला झालो.

रस्त्याकडेच्या शिरिषाच्या झाडाखाली एक म्हातारी काकड्या विकत बसली होती. तिने न विचारताच एक काकडी सोलायला घेतली आणि शिरीषकडे हनुवटी करून म्हणाली, “उस लंबू को क्या हुआ? मुँह क्यों उतर गया उसका?”

“नाम नहीं है उसका कागज़ में. लिखनेवाला भूल गया.”

ती दात नसलेले तोंड उघडून हसली. “इत्ता लंबा आदमी भूल गया? मुन्नी भूल जाए, चुन्नी भूल जाए, ये ऊँट कोई भूले है! जलता होगा कोई करमजला.” मग काकडीला मीठ-तिखट लावून तिने माझ्यापुढे धरली. “ले, खा ले. तू क्यों पसीने-पसीने हो रहा है?”

ती कोण होती, याविषयी मी काही म्हणणार नाही. दत्तमहाराज कोणत्या वेषात येतील याचा नेम नाही, असे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि मीही पुष्कळांना ते समजावून सांगितले आहे. ती मला म्हातारीच दिसली. तिने माझ्याकडून पैसे घेतले आणि लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाला हाक मारली. एवढेच सांगतो, की बावीस वर्षे मी महाराजांशी बोलत होतो, आणि त्या दिवशी प्रथमच मला कोणी उत्तर दिल्यासारखे वाटले. ते उत्तर म्हणजे एक शिवी होती, आणि ती योग्य ठिकाणी पोहोचली होती.

मी चौकीत गेलो. “दरख्वास्त मैंने लिखी थी,” असे सांगितले. पहारेकरी त्रासलेल्या सुरात म्हणाला, “तो पहले बोलना था ना, मुंशीजी! लिखकर दे दो कि नाम भूल से रह गया. दस्तखत करो, मैं साहब से फ़ोन पर पूछ लेता हूँ.” त्याने कोरा कागद पुढे केला. ‘भूल से’ हे दोन शब्द मी आयुष्यात हजारो वेळा लिहिले असतील. त्या दिवशी ते उतरेनात. मी लिहिले : ‘यह नाम मैंने ईर्ष्यावश, जान-बूझकर नहीं लिखा.’ खाली सही केली.

पहारेकऱ्याने वाचले आणि कपाळाला हात लावला. “ये क्या लिख मारा? ये काग़ज़ ऊपर गया तो आपकी भी छुट्टी, मेरी भी! भूल लिखो, भूल.” मी दुसरा कागद घेतला आणि त्याला हवे तसे लिहून दिले. त्याने फोन लावून साहेबांचा होकार मिळवला. पहिला कागद उचलावा म्हणून हात पुढे केला, तर तो टेबलावर नव्हता. शिरीष माझ्या मागे उभा होता. कागद त्याच्या हातात होता.

त्याने तो वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. मी शिट्टी त्याच्यापुढे धरली. ती त्याने घेतली. “चला, ऊन वाढतंय,” एवढेच म्हणाला, तेही सर्वांना उद्देशून. सुभेदारांनीही सायकल पुढे काढली. कोणी चार शब्द सुनावले असते तर मला सोपे गेले असते.

तो सारा दिवस शिरीष माझ्याशी बोलला नाही. संध्याकाळी धर्मशाळेत भाजी वाढताना माझ्या ताटातही वाढली, तेवढेच. माझा मत्सर धुऊन निघाला असे मी लिहिले तर तो आणखी एक खोटा अर्ज होईल. दुसऱ्या दिवशीही त्याचे सहज पुढे जाणे मला खुपलेच. फरक इतकाच पडला होता, की आता ते मी महाराजांपासून लपवत नव्हतो. पेडल मारता मारता म्हणत होतो, हे असे आहे, तुम्हीच पाहा.

रुडकीच्या अलीकडे एका पुलाचा लांब चढ लागला. उन्हाने मी पार थकलो होतो. बाकीचे पुढे निघून गेले. अर्ध्यावर माझी सायकल डगमगू लागली, उतरावे की काय अशा बेतात आलो, आणि पाठीवर एक तळवा टेकला. शिरीष मागे फिरून आला होता. एका हाताने स्वतःची सायकल सांभाळत, दुसऱ्याने तो मला वर ढकलत होता.

“राहू दे,” माझ्या तोंडून निघाले.

“दादा, आता गप्प बसा आणि चालवा,” तो म्हणाला.

मी गप्प बसलो. जन्मभर कोणाचा हात पाठीवर घ्यायचा नाही, असा माझा बाणा. त्यामुळे आधी पाठ ताठ झाली, मग हळूहळू सैल पडली. पाय चालत राहिले, परंतु चढ माझ्या पायांनी संपत नव्हता, हे मला स्पष्ट कळत होते. महाराजांची कृपा म्हणतात ती हीच असावी : जिथे माझे बळ संपते तिथे, माझ्या योग्यतेचा हिशेब न मागता, मागून टेकलेला हात. त्या हाताला मी आता नको म्हणत नाही. पुलाचा माथा आला, पलीकडे उतार दिसला, आणि हात निघून गेला. शिरीष शिट्टी वाजवीत पुढे झाला, आणि मी त्याच्या मागोमाग हरिद्वारच्या दिशेने उतरू लागलो.