शिडीसाठी एक सही

नगरपालिकेच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जिना संपला की उजव्या हाताला निधी शाखा लागते. नवखा माणूस तिथल्या बाकावर बसला, तर आतल्या लोकांची डोकी ठिकाणावर नाहीत असंच त्याला वाटावं. कारण आतलं बोलणं असं चालतं: पाणी यंदा खुशीत आहे. पुस्तकं जरा ओढगस्तीत आहेत. दिव्यांना विचारून सांगतो. आग काही ऐकायची नाही. शाखेचा शिपाईसुद्धा चहाचा ट्रे फिरवताना, आज आग कोणावर भडकलीय, असं सहज विचारतो आणि कोणी मान वर करूनही बघत नाही.

ही बोलण्याची रीत पाडली शाखेच्या लेखापालांनी. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ती पाटी वाचायची तसदी बऱ्याच वर्षांत कोणी घेतली नव्हती. अख्खी इमारत त्यांना कुलूपकाका म्हणायची, तेही तोंडावर. सुरुवातीला त्यांना राग यायचा. पुढे सवय झाली, आणि खरं सांगायचं तर मनातून बरंही वाटू लागलं.

शहराचा एक सामाईक गल्ला असतो. त्यात कर जमा होतात आणि त्यातून पगार, खड्डे, खुर्च्या, सगळंच भागवलं जातं. पण काही कामांसाठी लोकांकडून वेगळे पैसे घेतलेले असतात आणि घेतानाच शब्द दिलेला असतो, की हे दुसरीकडे जाणार नाहीत. पाण्याच्या बिलातला एक हिस्सा फक्त नळवाहिन्या आणि टाक्यांसाठी. दुकानांच्या परवान्यातला एक हिस्सा रस्त्यावरच्या दिव्यांसाठी. घरपट्टीतला एक हिस्सा वाचनालयाच्या पुस्तकांसाठी. नवी इमारत बांधणारा दर मजल्यामागे जे भरतो, ते अग्निशमन दलाच्या गाड्या आणि साधनांसाठी. प्रत्येक निधीचं बँकेतलं खातं वेगळं, ठेवी वेगळ्या, व्याजही ज्याचं त्याला. घर एकच, पण चुली वेगळ्या. यातल्या कुठल्याही निधीतून पैसा हलवायचा तर कुलूपकाकांची सही लागायची.

त्या सहीसाठी कोणकोण येऊन गेलं ते विचारू नका. पाणी नुसतं पडून आहे, तोवर आम्हाला वापरू द्या, पुढच्या महिन्यात परत टाकतो, असं म्हणणारे तर दर आठवड्याला असायचे. काका चष्मा कपाळावर चढवायचे, समोरच्याला चहा पाजायचे आणि नाही म्हणायचे. चहा कधी चुकवला नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. पैसे भरणारा माणूस या खोलीत नसतो, म्हणून तर आपल्याला इथे बसवलंय. एवढं सांगून झालं की पुढे वाद घालण्यात त्यांना रस नसायचा.

शेजारच्या टेबलावर उपलेखापाल बसायचा. त्याला सगळे होयबा म्हणत. माणूस वाईट नव्हता, कामालाही चोख होता, फक्त त्याच्या तोंडातून नकार फुटत नसे. वरिष्ठाने खिडकीबाहेर बोट दाखवून रात्र झाली म्हटलं, तर हा भर दुपारी दिवा लावायला उठला असता.

काकांच्या घरी बायको आणि मुलगी. थोरला मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या गावी, त्यामुळे घराला घरपण होतं ते धाकटीमुळे. नाव हौसेने ठेवलेलं, पण घरीदारी ती धाकटीच. ती अग्निशमन दलात लागली तेव्हा बायकोने आठवडाभर अबोला धरला होता. सुरुवातीला दलाने तिला फोनवर बसवलं. कुठे आग लागली, कोणती गाडी सोडायची, एवढंच काम. बाकीचे घंटा वाजली की पळत सुटायचे आणि ही कानाला फोन लावून त्यांच्या पाठी बघत बसायची. दोन वर्षं तिने अर्ज करकरून वरिष्ठांना भंडावून सोडलं, तेव्हा कुठे तिची शिडीच्या गाडीवर नेमणूक झाली. काकांना स्वतःला स्टुलावर उभं राहून दिवा बदलताना घेरी यायची. पण त्या दिवशी त्यांनी तिन्ही मजल्यांवर मिठाई वाटली, जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगितलं, आणि त्या आनंदाच्या भरात एक गोष्ट साफ विसरले. ती पुढे येईलच.

आता या शिडीबद्दल. ती घेतली तेव्हा शहरातली सगळ्यात उंच इमारत चार मजल्यांची होती. मग शहर वाढलं, इमारती नऊ-दहा मजल्यांवर गेल्या, शिडी मात्र चौथ्याच मजल्यावर राहिली. तिथेही ती अडायची आणि तिची मनधरणी करावी लागायची. इमारती वाढल्या तसा आगीचा निधीही वाढत गेला आणि अखेर नव्या शिडीपुरता झाला. निविदा निघाल्या, शिडी ठरली, महिनाअखेरीस काकांनी सही केली की मागणी जाणार होती. धाकटीने तर नव्या शिडीच्या माहितीपत्रकाची पारायणं केली होती. जेवताना पाण्याचा पेला सरकवून ती शिडी कशी वळते ते दाखवायची आणि आई पेला परत जागेवर ठेवायची.

अशात एक दिवस महापौरबाई स्वतः तिसरा मजला चढून आल्या. बाई हुशार, बोलायला गोड आणि त्यांची अडचणही खोटी नव्हती. शहराचं नवं नाट्यगृह अर्धवट पडलं होतं. भिंती उभ्या, वर छप्पर नाही, रंगमंचावर झुडपं उगवलेली. आगीचा निधी वर्षभरासाठी उसना मिळाला तर काम मार्गी लागेल, असं त्यांचं म्हणणं. काकांनी चहा मागवला.

"वरच्या मजल्यावरच्या लोकांनी शिडीचे पैसे भरलेत, बाई," ते म्हणाले. "त्यांना नाटक दाखवून कसं भागेल?"

महापौरबाई मनापासून हसल्या. चहा संपवला, कप खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "काका, नातेवाइकांचा तो नियम तुम्हीच लिहिला होता ना?"

काकांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. नियम त्यांचाच होता. फार पूर्वी एका लेखापालाचा मेहुणा पाण्याच्या पंपघरात होता आणि मेहुण्याच्या सोयीसाठी मोटारीमागून मोटारी घेतल्या गेल्या होत्या. ते निस्तरायला काकांनी नियम करून घेतला: एखाद्या निधीतून घेतलेल्या गाडीवर किंवा साधनावर लेखापालाचा जवळचा नातेवाईक काम करत असेल, तर त्या निधीवर लेखापालाने सही करायची नाही, खालच्या अधिकाऱ्याने करायची. पळवाट राहू नये म्हणून एकेक शब्द पारखून घातला होता. धाकटी फोनवर होती तोवर प्रश्न नव्हता. ती शिडीवर गेली त्याच दिवशी काकांचा आगीवरचा हक्क संपला होता, आणि हा गृहस्थ मिठाई वाटत फिरत होता.

बाईंनी टोमणा मारला नाही. सोमवारी बैठक आहे, तोवर काय ते ठरवा, एवढं सांगून त्या गेल्या. होयबा आपल्या टेबलावर मान खाली घालून टाचण्या गोळा करत बसला. सोमवारी त्याच्यापुढे कागद आला की तो सही करणार, हे त्यालाही ठाऊक होतं आणि काकांनाही. पैसे वर्षभरासाठी गेले की छपराला लागणार, मग खुर्च्यांना, मग पडद्यांना. असली वर्षं कधी संपत नाहीत हे काकांनी उभ्या हयातीत पाहिलं होतं. शिडी गेली म्हणजे गेलीच.

घरी जेवताना त्यांनी सगळं सांगितलं आणि त्याच दमात धाकटीला बजावलं, की तू गाडी सोडायचा विचारही मनात आणायचा नाही. आगीवर मी पाणी सोडतो, होयबाला चार गोष्टी समजावतो, त्याचा हात धरून बसतो. बायको म्हणाली, त्याचा हात धरायला महापौरबाई आधीच बसल्यात. धाकटीने फक्त तुमची सही कुठेकुठे लागते, एवढं विचारलं. काकांनी बोटांवर मोजलं: पाणी, दिवे, पुस्तकं, रुग्णवाहिका, बस, बागा. बापाच्या डोक्यावरचा भार बघून पोरीला कणव आली असेल, असं त्यांना वाटलं. धाकटीने मान हलवली आणि आणखी भात वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बदल्यांच्या शाखेत हजर झाली. जिथे बाबांची सही पोचत नाही अशी जागा हवी, असं तिने तिथल्या कारकुनाला सांगितलं. तो बिचारा चक्रावला. पाण्याकडे पाठवावं तर तिथे काका. रुग्णवाहिकेवर घालावं तर तिथेही काका. अग्निशमनच्या फोनवर परत पाठवावं तर ती जागा भरलेली. शोधता शोधता एकच खातं सापडलं, जे सामाईक गल्ल्यातून चालत होतं आणि ज्याच्यासाठी निधी काढावा असं आजवर कोणाच्या मनात आलं नव्हतं. भटकी कुत्री पकडायची गाडी. धाकटी म्हणाली, द्या.

काकांना हे कळलं शिपायाकडून. धाकटी कुत्र्यांच्या गाडीवर गेली, असं त्याने चहा ठेवता ठेवता सांगितलं. काकांना आधी ती थट्टाच वाटली. मग ते उठले आणि चहा तसाच टाकून मागच्या आवारात गेले. धाकटी पायांत रबरी बूट घालून पिंजरे धूत होती. काका भडकले. ड्रायव्हरसमोर, चार कुत्र्यांसमोर त्यांनी पोरीला वाट्टेल ते सुनावलं. दोन वर्षं त्या गाडीसाठी जीव टाकलास, आईशी भांडलीस, आणि बापाला न विचारता फेकून दिलंस?

धाकटीने नळ बंद केला.

"बाबा, जुन्या शिडीवर मी असले काय आणि नसले काय, चौथ्या मजल्याच्या वर कोणापर्यंत पोचणार होते?"

काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"नवी आली तर कोणीतरी पोचेल. आता वर जा आणि सही करा. मला हे पिंजरे आवरायचेत."

काका वर गेले. तोंडावर पाणी मारलं आणि शिडीची फाईल काढून बसले. पोरीचा राग येत होता, स्वतःचा त्याहून जास्त येत होता. सोमवारच्या बैठकीत त्यांनी बदलीचा हुकूम टेबलावर ठेवला, उसनवारीला नकार दिला आणि लागलीच शिडीच्या मागणीवर सही ठोकली. महापौरबाई त्या हुकुमाकडे बघत राहिल्या. मग यावेळी चहा त्यांनी मागवला. बाईही काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. नाट्यगृहाच्या एकेका खुर्चीसाठी त्यांनी हौशी लोकांकडून वर्गणी काढली आणि त्या वर्गणीचाही वेगळा निधी करून काकांच्याच गळ्यात मारला.

शिडी आली तेव्हा वर्ष संपत आलं होतं. शहरातल्या सगळ्यात उंच इमारतीखाली तिची चाचणी झाली. शिडी पूर्ण उघडलेली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लेखापालाने पोचपावती द्यायची नसते, म्हणून काका हजर होते. इंजिनाच्या आवाजाने गल्लीतली कुत्री बिथरली, तेव्हा कुत्र्यांची गाडीही बोलवावी लागली. धाकटीच्या जागी आलेला जवान शिडीच्या टोकाच्या पाळण्यात उभा राहिला. शिडी चौथा मजला ओलांडून गेली, अडली नाही, सहावा, आठवा, आणि दहाव्या मजल्यावरच्या गॅलरीला अलगद टेकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

काकांचं लक्ष वर नव्हतं. गर्दीच्या कडेला धाकटी उभी होती. डाव्या हातात दोरी, दोरीच्या टोकाला तांबडं कुत्रं, मान पार मागे टाकलेली. तिचा उजवा हात हवेतल्या हवेत शिडी वळवायचा दांडा फिरवत होता. वरचा जवान शिडी जिथे वळवायचा तिथे तिचा हात जरा आधीच वळायचा. अख्ख्या गावाचं भलं केलं आणि पोटच्या पोरीचं तेवढं लुटलं, असं त्यांना वाटलं. पोचपावतीवर त्यांनी तिथेच उभ्याउभ्या सही केली.

त्याच संध्याकाळी त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून धाकटीपुढे ठेवला. शिडी आली, आता ती कोणी परत पाठवत नाही. मी खुर्चीत असताना तू परत गेलीस तर बदली नुसतं सोंग होतं असं लोक म्हणतील, पण मी खुर्ची सोडली की नियमही सुटतो, तू उद्या गाडीवर जा, असं त्यांनी सांगितलं. बायकोने भांडी घासायचं थांबवलं.

धाकटीने अर्ज शेवटपर्यंत वाचला.

"तुम्ही उठलात की त्या खुर्चीत कोण बसणार?"

काका म्हणाले, होयबा.

"म्हणजे पाणी गेलं, दिवे गेले, पुस्तकं गेली." तिने अर्जाची घडी घातली. "शिडी पंचवीस वर्षं चालणार आहे, बाबा. तुम्ही त्या खुर्चीत अजून तीन. मला कसली घाई आहे?"

तिने घडी घातलेला अर्ज त्यांच्या सदऱ्याच्या खिशात सारला आणि सकाळी मंडईतली कुत्री धरायला लवकर निघायचंय म्हणून झोपायला गेली.