होम प्लेटची रांगोळी

रुवैसमध्ये बेसबॉलची टीम आहे, असं शारजाच्या कॉलेजात सांगितलं की मैत्रिणी हसतात. रुवैस म्हणजे अमिरातीतलं रिफायनरीचं गाव, तिथे कसला बेसबॉल? मलाही ते धड समजावता येत नाही. पण त्या टीमबद्दल कुणीतरी लिहून ठेवायला हवं, आणि दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही.

आमच्या कॉलनीतले एक काका जळगावला शाळेत सॉफ्टबॉल खेळायचे. मायदेशी परत निघालेल्या एका अमेरिकन इंजिनिअरने बॅट आणि ग्लोव्हजची भली मोठी बॅग त्यांना देऊन टाकली. उन्हाळ्यात कॉलेजं बंद झाली की पुण्याहून, अबू धाबीहून मुलं घरी यायची आणि एसीत लोळत पडायची. काकांनी त्यांना पहाटे मैदानावर ओढलं, आणि टीम झाली. नियम एकच, कॉलेजात जाणारा पाहिजे. वडिलांची नोकरी संपली की मुलं रुवैस सोडतात, पण ग्लोव्ह इथेच ठेवून जातात. माझा ग्लोव्ह मला मिळाला तेव्हाच आतून कुणाच्या तरी बोटांसारखा वळलेला होता.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा प्लँटमध्ये फिटर, आई दहावीपर्यंत शिकलेली. बाबांनी माझ्या ॲडमिशनचे पेढे वाटले होते. टीममध्ये घेतलं तेव्हाही वाटले. मला जरा लाजच वाटली, पण आतून बरंही वाटलं.

मैदानावर रेघा मारायला फक्की मिळेना, म्हणून पहिल्या वर्षापासून कॉलनीतल्या आयांनी रांगोळी दिली. पळणाऱ्याने सगळे बेस फिरून शेवटी जिथे पाय टेकवायचा, ती होम प्लेटसुद्धा रांगोळीचीच. तिथे पाय लागला तरच रन. आणि तिथेच घोळ झाला. अबू धाबीच्या अल रीम आयलंडच्या टीमबरोबर पहिली मॅच होती. आमचा एक दादा वाऱ्यासारखा धावत आला, समोर रांगोळी दिसली आणि त्याने तिच्यावरून चक्क उडी मारली. रीमच्या कॅचरने सावकाश वळून त्याला बॉल लावला. आउट! एका रनने हरलो.

"अरे, पाय कसा देणार? काकूंनी काढली होती!" एवढंच तो म्हणाला.

तेव्हापासून रीमवाले दर उन्हाळ्यात येतात, जिंकतात, आणि जाताना विचारतात, "काय मग, पुढच्या वर्षी उंच उडी की लांब उडी?" काकांनी एकदा रबरी प्लेट मागवली होती. मुलांनीच ती लावू दिली नाही. जिंकायचं तर रांगोळीवर पाय देऊनच, असं ठरलं. नव्या खेळाडूला सगळ्यात आधी तेवढंच शिकवतात. मी प्रॅक्टिसमध्ये कितीदा पळत आले, पण प्लेट जवळ आली की पाय आपोआप आखडायचा. मॅचमध्ये माझ्यामुळेच हरणार, ही भीती मनातून जात नव्हती.

यंदा रांगोळीची पाळी आईची होती. तिने पाच कोनांची प्लेट काढली आणि मधोमध एक छोटं कमळ.

"आई, कमळ कशाला?"

"कोरी कशी ठेवू गं? बरं दिसतं का ते?"

सकाळचे सात वाजायचे होते, तरी दमट हवेने चष्म्यावर वाफ धरत होती. शेवटचा डाव आला तरी दोन्हीकडे एकही रन नव्हता आणि मी तिसऱ्या बेसवर उभी. आमच्या कॅप्टनने बॉल लांब मारला. "यल्ला, यल्ला! रन!" सगळे ओरडले. मी धावले. ते कमळ दिसलं आणि पाय उचलल्यासारखा झाला. तेवढ्यात कडेहून आईचा आवाज आला, "तुडव गं! तुडव ती! मी परत काढीन!"

आयुष्यभर मला रांगोळीवरून बाजूला ओढणारी माझी आई. मी पाय आपटला.

मागोमाग कॅचरने बॉल लावला. "She jumped!" रीमचा कॅप्टन धावत आला. "हे लोक उडीच मारतात!" अंपायर त्यांनीच आणलेले, एक फिलिपिनो गृहस्थ. त्यांनी वाकून पाहिलं. अर्धं कमळ पुसलं गेलं होतं आणि त्यात माझ्या बुटाचा ठसा स्वच्छ उमटला होता. ते हसले आणि दोन्ही हात पसरून म्हणाले, "Safe!"

आम्ही पहिल्यांदा जिंकलो. रात्रपाळी संपवून, कव्हरऑल न बदलताच आलेले बाबा जो भेटेल त्याला तो ठसा दाखवत होते, "आमच्या पोरीचा आहे." काकांनी त्याचा फोटो काढून पुण्याला, उडी मारणाऱ्या त्या दादाला पाठवला. लगेच उत्तर आलं, "कमळावर पाय दिला? शाब्बास गं!"

मी आईला म्हटलं, "परत काढणार होतीस ना?"

ती प्लेटपाशी उभी होती, कुणाचा पाय पडू नये म्हणून. "दरवर्षी गौरीची पावलं मी काढते," ती म्हणाली. "हे एक आपलं आपण उमटलंय. राहू दे."