पाठीमागचा हात

उजवा हात पाठीमागे, पंजा उघडा आणि नजर समोर. भाऊ मैदानावर असा उभा राहायचा. त्या पंजाने तो मागच्यांना सांगायचा, मागं सरका, वर चला, थांबा. हात बोलत असताना तोंडही बोलतच असायचं. बचावातला कुणी गप्प दिसला की ठरलेली आरोळी यायची, "बोल की! तोंडात भात धरलाय का?"

मी आमच्या फुटबॉल संघाची फिजिओ. खेळाडूंचे गुडघे, घोटे आणि पाठी हे माझं खातं. भाऊ आमचा बचावपटू, मळवलीजवळच्या खेड्यातला, भातशेतीवाल्या घरचा. वय पस्तिशीला टेकलेलं. बाकी जगात हे ऐन उमेदीचं वय, फुटबॉलमध्ये म्हातारपण. मी त्याच्याहून मोठी, म्हणून त्याची ताई. तो मात्र सगळ्यांचाच भाऊ, अगदी कोचांचासुद्धा.

टीव्हीवर बघणाऱ्याला गोल मारणारा दिसतो. तुम्ही कधी मैदानाच्या कडेला उभं राहून बघा, म्हणजे कळेल की बचाव हा निम्मा बडबडीचा धंदा आहे. पाठीला डोळे नसतात. मागून कोण येतंय ते दुसऱ्याने सांगावं लागतं. आमच्याकडे चौघांच्या वाटचं हे सांगणं भाऊ एकटा करायचा, तेही अस्सल मावळीत. "हितं ये", "सोड त्याला", "लय मागं ऱ्हायलास". आमच्या बचावात एक गोव्याचा, एक केरळचा आणि तोंबा नावाचा मणिपूरचा. भाऊचं मावळी तिघांनाही पाठ झालं होतं. समजायचं सगळ्यांना, बोलायचा मात्र एकटा भाऊ.

तोंबाचं तर काय सांगावं! बावीस वर्षांचा, ताडमाड, पायात वारा भरलेला, पण स्वभावाने इतका लाजाळू की पाणी हवं असलं तरी बाटलीकडे नुसतं बघत राहायचा. भाऊ बाटली त्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "माग की लेका. पानी हाये, कुनाची पोरगी न्हाई."

मागच्या मोसमात आम्ही सामन्याच्या शेवटी शेवटी फार गोल खाल्ले. मोसम संपला, सुट्टी झाली आणि पावसाळ्यात तळेगावबाहेरच्या एका मैदानावर शिबिर लागलं. उद्देश एकच, बचाव सुधारायचा. आमचे कोच कोल्हापूरचे. त्या गावात फुटबॉल लोक जेवणाबरोबर तोंडी लावतात, त्यामुळे फुटबॉलच्या बोलण्यात आडपडदा नाही. एके दिवशी भाऊ माझ्या टेबलावर गुडघ्याला बर्फ लावून पडला होता, तेव्हा ते लॅपटॉप घेऊन आत आले आणि त्यांनी मागचे सामने लावले.

"हितं तुझा गुडघा दुखला म्हणून तुला बाहेर काढला. आता ह्यांची तोंडं बघ."

आम्ही बघितलं. भाऊ बाहेर आल्यानंतर प्रत्येक सामन्यात बचावातली सगळी तोंडं मिटलेली. एकमेकांच्या आड येत होती पोरं, पण चकार शब्द नाही.

"पाय चांगले आहेत पोरांचे," कोच म्हणाले. "मुकी आहेत. आणि मुकी तू केलीस. तू बोलतोस म्हणून त्यांना बोलावंच लागत नाही. ह्या शिबिरात तू खेळायचं, पण एक शब्द बोलायचा नाही."

कोच गेल्यावर भाऊ मला म्हणाला, "म्हंजी आजपासूनच सुरू."

त्याचा करार शिबिराबरोबर संपत होता. पुढच्या मोसमात त्याला ठेवायचं की नाही, हे कोच शेवटी ठरवणार होते. तो गुडघा माझ्याइतका कुणी हाताळलेला नव्हता. भाऊ पळण्याच्या जोरावर संघात नव्हता, जिभेच्या जोरावर होता. पोरं बोलायला शिकली की त्याचं काम संपलं. हे मला कळत होतं आणि त्यालाही.

शिबिरात बाकीचे उपायही चालू होते. एक म्हणजे चौघांच्या कमरेला एकच दोरी बांधून त्यांना मागेपुढे पळवायचं, म्हणजे ओळ तुटत नाही. भाऊ म्हणाला, "आमच्याकडं ह्याला आवणी म्हंत्यात." आवणी म्हणजे भाताची रोपं लावणं. दोरी धरून, वाकून, ओळीने मागे मागे सरकत. लगेच सुट्टीच्या दिवशी तिघांना लोकलमध्ये घालून हा मळवलीला घरच्या खाचरात घेऊन गेला. शिकायला कुणी काही शिकलं नाही. रोपं वाकडी लागली, ती भाऊच्या आईने दुसऱ्या दिवशी उपटून पुन्हा लावली आणि ती म्हणाली, "ह्यास्नी फुटबॉलच खेळू दे." जेवण मात्र झकास झालं. चौघंही कमरेतून वाकडे होऊन परत आले आणि त्या पाठी सरळ करता करता माझीच पाठ धरली. कोच बरेच दिवस भाऊशी धड बोलत नव्हते. भाऊला तर बोलायची बंदीच होती, त्यामुळे तसा फारसा फरक पडला नाही.

ही बंदी त्याला पाळता येईना. चेंडू जवळ आला की आरोळी सुटायचीच, मग कोचांची शिट्टी, मग शिव्या. शेवटी तोच माझ्याकडे आला. "ताई, घोट्याला लावता ती पांढरी पट्टी द्या. तोंडावर लावतो."

"वेडा आहेस का? आणि कळतंय ना, तू कुणासाठी हे करतोयस?"

"कळतंय की." त्याने पट्टी स्वतःच फाडली. "गोल खाल्ला की मला झोप येत न्हाई, ताई. मी मैदानात असताना खाल्ला काय अन् मी गेल्यावर खाल्ला काय, झोप माझीच जानार."

मी पट्टी लावून दिली. मिशी वाचवून लावा, असं त्याने खुणेने सांगितलं.

पुढे एका सरावसामन्यात त्या पट्टीने त्याचा जीव खाल्ला. तोंबाच्या पाठीमागून समोरच्यांचा एक जण पळत सुटला. भाऊने बघितला. त्याचा हात पट्टीकडे गेला. एक शब्द पुरला असता. हात तिथेच थांबला आणि गोल झाला. तोंबा मान खाली घालून उभा राहिला. भाऊ त्याच्याजवळ गेला, त्याची हनुवटी वर केली आणि स्वतःच्या मिटलेल्या तोंडाकडे बोट दाखवलं, मग त्याच्या. मला त्या क्षणी कोचांचा राग आला होता, हे लिहून ठेवते.

गोल खाऊन खाऊन हळूहळू तोंडं उघडली. आधी गोव्याचा, मग केरळचा. तोंबा काही तोंड उघडेना.

शिबिर संपायच्या सुमारास पुण्याच्या एका संघाशी सामना होता. उजवीकडून चेंडू उंच आला. भाऊ त्याच्याकडे बघत होता, पाठीमागे हात, तोंडावर पट्टी. त्याच्या मागून एक पोरगा सुसाट निघाला होता. भाऊला तो दिसला नव्हता. मला दिसला, आणि दुसऱ्या कुणालातरी दिसला.

"भाऊऽऽ! मागं बघ!"

आवाज एवढा मोठा होता की पंचसुद्धा दचकले. तोंबाचा आवाज होता तो. भाऊ गर्रकन वळला आणि त्या पोराच्या डोक्याच्या आधी स्वतःचं डोकं घालून त्याने चेंडू बाहेर फेकला. आयुष्यभर दुसऱ्यांना जे सांगितलं ते त्या दिवशी त्याला कुणीतरी सांगितलं. पोरं धावत आली ती तोंबाला मिठ्या मारायला.

सामन्यानंतर भाऊ माझ्यासमोर बसला. मी पट्टी काढली. त्याचे डोळे भरले होते. पट्टी ओढली म्हणून असेल, असं म्हणायची सोय होती, पण मी ती हळूच काढली होती.

"बोलला गं ताई!" तो म्हणाला. आणि थोडं थांबून, "मला दिसलाच न्हाई त्यो. पूर्वी दिसला असता."

नव्या मोसमाची यादी लागली तेव्हा तिच्यात भाऊ नव्हता. कोचांनी त्याला स्वतः बोलावून सांगितलं, चहा पाजला आणि सोडायला स्टेशनपर्यंत गेले. आता तो गावाकडे असतो. शेती बघतो आणि बायको शहरवाल्यांच्या ज्या दोन बंगल्यांची देखभाल करते तिथे तिला हातभार लावतो. मी फोन करते तेव्हा गुडघ्याचं विचारते. तो तोंबाचं विचारतो.

नव्या मोसमाच्या पहिल्या घरच्या सामन्याला तो आला होता. पास मी पाठवले होते. माझ्या बाकाच्या बाजूच्या पायऱ्यांवर तो आईला घेऊन बसला. शेवटची मिनिटं, आम्ही एका गोलने पुढे, आणि समोरचे सारखे चालून येत होते. मागच्या वर्षी आम्ही इथेच मार खायचो. भाऊच्या जागी ब्राझीलचा एक नवा खेळाडू होता. तो जरा रेंगाळला, तोच तोंबा त्याच्यावर खेकसला, "हितं ये! बोल की! तोंडात भात धरलाय का?" त्या बिचाऱ्याला काय कळलं देव जाणे, पण तो आला. चेंडू अडला, सामना जिंकला.

त्या गडबडीत मी एकदा पायऱ्यांकडे बघितलं. सगळं मैदान ओरडत होतं. भाऊ उभा होता, तोंड घट्ट मिटलेलं, नजर समोर, उजवा हात पाठीमागे, पंजा उघडा. पंजा सांगत होता, मागं सरका, मागं. मागच्या पायरीवर एक आजोबा बसले होते. आपल्यालाच सांगतोय असं वाटून ते पिशवी उचलून निमूट एक पायरी मागे सरकले.