मावशींपुढे जांभई देऊ नये

अख्ख्या निफाड तालुक्यात माझ्या मावससासूबाईंसमोर जांभई द्यायची कुणाची छाती नाही. जांभई दिलीत की त्या तुमची हनुवटी धरतात, तोंड उजेडाकडे वळवतात आणि हिरड्या तपासूनच सोडतात. मीही यातून सुटलेलो नाही. जावयाचा मान एवढाच, की मला आधी "जावईबापू, आ करा" अशी विनंती होते. बाकीच्यांचा जबडा थेट ताब्यात घेतला जातो.

गंमत अशी, की या मावशींनी स्वतः जन्मभर मिशरी लावली. त्यांनी तव्यावर तंबाखू भाजायला घेतली की आळीभर शिंका सुरू व्हायच्या. ती काळी भुकटी पावडरच्या जुन्या डबीत भरलेली असे, आणि ती हिरड्यांवर घासत मावशी ओट्यावर बसल्या की प्रत्यक्ष देव जरी दारात आला, तरी त्याला हातानंच 'थांब' म्हणतील अशी तंद्री लागे. "मिशरी लावल्याबिगर मला दिस उगवल्यावानीच वाटत नाय," असं त्या सांगत. हिरड्यांतून रक्त येतंय म्हटलं, तर "जुनं रगत हाय, जाऊ द्या," म्हणून मोकळ्या.

पण मावशींची खरी कीर्ती पुरणाच्या मांड्यांची. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झुलवत झुलवत त्या इतकी पातळ करत, की पलीकडे बसलेल्याचं नाक दिसावं. मग ती तापलेल्या पालथ्या खापरावर अलगद पडे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्यांचा पहिला मांडा काकांच्या नावानं वाढलेल्या ताटात जातो. काका म्हणजे मावशींचे यजमान; त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांना जिवंतपणी दुसऱ्या कुणाच्या हातचा मांडा चालला नाही, तो मेल्यावर कसा चालेल, असा मावशींचा रोकडा सवाल होता. चुकून फाटलेला मांडा गाईला.

आणि नेमकी या मावशींची बोटंच सुजली. सकाळी मूठ वळेना, पेला धरवेना. आम्ही त्यांना नाशिकला आणलं. डॉक्टरीणबाईंनी बोटं दाबून पाहिली, रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "मावशी, आता तोंड उघडा."

"बोटं हितं हायेत, बाई," मावशींनी दोन्ही हात त्यांच्या नाकासमोर नाचवले.

बाई हसल्या. मग त्यांनी समजावलं, की हा साधा वात नव्हे. अंगातली राखणदार फौजच सांध्यांवर उलटली आहे. त्यात हिरड्यांतल्या जंतूंचाही हात असू शकतो. ते आपल्याच शरीरातल्या गोष्टी अशा काही बदलून टाकतात, की फौजेला घरचं माणूस परकं वाटू लागतं. सगळ्यांच्या बाबतीत तसंच असतं असं नाही, पण तुमच्या हिरड्या बघता दातांच्या डॉक्टरकडे जाच.

मावशींनी एकच विचारलं, "आखाजीला मांडा व्हईल का?"

"औषधं नेमानं घ्या, मिशरी सोडा, सूज उतरेल. पण वाकलेली बोटं सरळ होतील असं खोटं नाही सांगणार."

मावशींनी मिशरी सोडली. त्या डबीत आता गोळ्या असतात. मात्र 'सगळ्यांच्या बाबतीत नाही' हे वाक्य निफाडला पोचेपर्यंत वाटेत कुठेतरी गळून पडलं. तेव्हापासून कुणाची टाच दुखो, पाठ धरो, आधी तोंड बघायचं. मावशींच्या नातीला घोटीचं स्थळ आलं. मुलगा लाजत पोह्यांची बशी उचलतोय, तोच मावशी म्हणाल्या, "पोहे ऱ्हाऊ द्या. आधी आ करा." मुलाच्या वडिलांचा चेहरा उतरला, आम्ही सगळे जमिनीकडे बघू लागलो. मावशी शांतपणे म्हणाल्या, "घोटीच्या बाजारात दात बघितल्याबिगर बैलाचं दावं हातात घेता का तुम्ही?" वडील एवढे खदखदून हसले, की मावशींनी तेवढ्यात त्यांच्याही हिरड्या बघून घेतल्या. लग्न जमलं. व्याही सध्या दातांच्या डॉक्टरकडे खेपा घालतायत.

यंदाच्या आखाजीला आम्ही सगळे निफाडला गेलो. सूज बरीच उतरली होती, पण उजव्या हाताची दोन बोटं वाकडी ती वाकडीच. मावशींनी पोळी हातांवर घेतली. दोनदा झुलली, आणि वाकड्या बोटांत अडकून मधोमध टरकली. मावशींनी तो फाटका मांडा तसाच खापरावर टाकला, भाजला, घडी घातली आणि गाईकडे न पाठवता काकांच्या ताटात वाढला.

"त्यांना तरी कुठं धड दात व्हते," त्या म्हणाल्या. "फाटकाच बरा. चावायला सोपा." आवाज मात्र नेहमीचा नव्हता. मला फार वाईट वाटलं.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "बघता काय, जावईबापू? हात धुऊन या. पुढचा धरायला आणखी दोन हात लागतील."

जावयाला चुलीपाशी बोलावण्याची त्या घरातली ही पहिलीच वेळ असावी. मी एका बाजूनं पोळी धरली, त्यांनी दुसऱ्या बाजूनं. ती माझ्याच बाजूनं फाटली. मी ओशाळून तोंड उघडं टाकून उभा होतो, हिरड्या अगदी आयत्या समोर. पण मावशींचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या माझ्या सरळ बोटांकडे बघत होत्या.