देवमन मिस्त्री आणि महादेवावरचं पाणी

देवमन मिस्त्रीनं बांधलेलं बाथरूम कधी गळत नाही, हे आमच्या अनसिंगात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक होतं, कारण देवमन भेटेल त्याला तेच सांगायचा. चहाच्या टपरीवर सांगायचा, मयतीला गेला तर तिथं सांगायचा, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगायचा.

तरुणपणी तो लग्नाच्या बँडात क्लॅरोनेट वाजवत होता. एका वरातीत नवरदेवाच्या घोडीनं मान झटकली आणि देवमनचे पुढचे दोन दात गेले. मग फुंकरच धरेना. तेव्हा तो मेव्हण्यासोबत सुरतेला गेला, टाइल बसवायला शिकला आणि गावी परतून मिस्त्री झाला. आता साठीला आलाय. मिशा पांढऱ्याफेक, बनियनही तितकंच पांढरं, आणि तोंड अखंड चालू.

त्याच्या कामाची एक खूण होती. शॉवरच्या बाजूच्या भिंतीत तो साबणासाठी एक कोनाडा करायचा आणि त्याचा तळ मुद्दाम आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे किंचित उतरता ठेवायचा. "साबन घसरून पायात येनार नाई," तो म्हणायचा. "सुरतेत बी नाई असं. हे माह्या डोक्यातलं हाय."

आमच्या शेजारच्या पुंजाजींची सून सपना वाशीमला पतसंस्थेत नोकरी करते. तिचा नवरा विनोद अकोल्याला असतो, रविवारी येतो. सपनाला माडीवर बाथरूम हवं होतं, छतापर्यंत टाइल लावलेलं, शॉवरचं. पुंजाजी म्हणाले, "बादलीत पानी मावत नाई का आता?"

त्यांची बायको गोजराबाई सुनेच्या बाजूनं उठल्या. "तुमी आंगनात चड्डीवर आंघोळ करता, अख्खी गल्ली पाह्यते. तिनं बी तसंच कराव का?"

पुंजाजींनी मान डोलावली आणि देवमन आला. महिनाभर ठोकाठोकी झाली. निळसर-पांढऱ्या टाइल, चकचकीत शॉवर आणि तो कोनाडा. देवमननं कोनाड्यात साबण ठेवून घरच्यांना एकेकाला वर बोलावून दाखवला. साबण खरंच घसरत नव्हता.

श्रावण लागला आणि पुंजाजींच्या देव्हाऱ्यात चमत्कार झाला. सकाळी ते पूजेला बसले, घंटी वाजवली, आणि वरून एक थेंब टप्पकन महादेवाच्या पिंडीवर पडला. मग दुसरा. दुसऱ्या दिवशी तसंच. घंटी वाजली की थोड्या वेळानं थेंब सुरू. पुंजाजींनी हात जोडले, डोळे भरून आले. इतक्या वर्षांची भक्ती आज पावली, असं त्यांना वाटलं.

"वास घेऊन पाय," ते मला म्हणाले. "चंदनाचा वास येऊन राह्यला."

येतच होता. खोटं कशाला बोलू? गल्लीतल्या बाया तांब्या घेऊन आल्या. पुंजाजींनी पिंडीखाली पितळी वाटी ठेवली आणि पळीपळीनं तीर्थ वाटलं. मीही दोनदा घेतलं. चव जराशी कडवट होती, पण तीर्थाला नावं कोण ठेवणार?

गोजराबाईंनी मात्र एक थेंब तोंडात घेतला नाही. त्या गड्यांकडून सोयाबीनची सवंगणी-कापणी करून घेणाऱ्या बाई, कोण काम करतोय आणि कोण नुसता वाकलाय हे बांधावरून ओळखणाऱ्या. श्रावणातच सपना चार दिवस माहेरी मेडशीला गेली. पुंजाजींनी घंटी वाजवून वाजवून हात दुखवून घेतला, पण महादेव कोरडा ठणठणीत. सपना परत आली आणि दुसऱ्याच सकाळी थेंब पडला.

"काहून वो," गोजराबाई नवऱ्याला म्हणाल्या, "सून माहेरी गेली तं देव बी तिच्या संगं मेडशीले गेलता का?"

त्यांनी देवमनला बोलावलं. तो आला, ऐटीत माडीवर गेला, दोन बादल्या फरशीवर ओतल्या आणि खाली येऊन छताकडे बोट दाखवलं. थेंब नाही. "पाह्यलं? माह्या कामातून पानी येऊच शकत नाई, काकू. अन् माहं नाई, तं मंग ते देवाचंच झालं ना?"

पुंजाजी खूश झाले. देवमनला त्यांनी तीर्थ दिलं. देवमन ते डोळ्याला लावून प्यायला, वर म्हणाला, "खरंच, चंदन हाय."

"देवमन, तू कधी त्या फवाऱ्याखाली उभा राह्यला का?" गोजराबाईंनी विचारलं.

देवमन गडबडला. आयुष्यभर शॉवर बसवले, पण त्याची आंघोळ घरी परसात, दगडावर बसून, बादलीनं.

"मंग उद्या ये. टावेल घेऊन ये."

तो आला. खुशीतच आला. बनियनवरच शॉवरखाली उभा राहिला. बाथरूमातून वरच्या पट्टीतलं गाणं ऐकू यायला लागलं. त्याआधी गोजराबाई एकट्याच गच्चीवर जाऊन आल्या होत्या, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

खाली देव्हाऱ्यासमोर आम्ही तिघं बसलो. पुंजाजी घंटी घेऊन, मी वाटी घेऊन, गोजराबाई पंख्यानं वारा घेत. वर गाणं रंगात आलं. छतावर ओल चमकली, थेंब लोंबला आणि पडला.

थेंब निळा होता.

दुसराही निळा. पिंडीवरून निळा ओघळ वाहायला लागला. पुंजाजींनी साष्टांग नमस्कार घातला. "नीळकंठ! अरे, साक्षात नीळकंठ!"

"नीळकंठ वर बाथरूमात हाय," गोजराबाई म्हणाल्या. "थांबा, येईलच खाली."

त्यांनी गच्चीवरच्या टाकीत कपड्यांच्या निळीची अख्खी बाटली ओतली होती. देवमननं तोंडाला साबण लावून डोळे मिटलेले, त्यामुळे त्याला पत्ता नव्हता. तो खाली आला तेव्हा त्याचं बनियन निळं, छातीवरचे केस निळे, आणि मिशा तर अशा की लग्नाच्या बँडातही तसा रंग कोणी पाहिला नसेल. त्यानं पिंडीकडे पाहिलं. मग स्वतःकडे पाहिलं.

सपना जिन्यात उभी होती. आपल्या आंघोळीचं पाणी अख्खी गल्ली हात जोडून प्यायली, हे तिच्या ध्यानात आलं आणि ती खोलीत पळाली. दार लावून घेतलं. आम्हाला वाटलं रडतेय. मग आतून असं हसू ऐकू आलं की गोजराबाईंनाही आवरेना. पुंजाजी अंगणात जाऊन चुळा भरत होते. बऱ्याच वेळानं ते आत आले आणि म्हणाले, "तरी मी म्हनो, तीर्थाले फेस काहून येते."

देवमन मात्र हसला नाही. तो परत वर गेला आणि मीही मागोमाग गेलो. पांढऱ्या टाइलवर निळीनं सगळं दाखवून दिलं होतं. कोनाड्याच्या तळाला निळं पाणी साचलेलं, आणि मागच्या सांध्यातून ते हळूहळू भिंतीत जिरत होतं. बादलीचं पाणी सरळ जाळीत जायचं. शॉवरचं पाणी भिंतीवर उडायचं, कोनाड्यात साचायचं आणि भिंतीतून स्लॅबपर्यंत उतरायचं. त्यानं छन्नी लावून कोनाडा फोडला. आतली वाळू मुठीत घेतली तर ओलीचिंब.

"बाकीच्यायचं काहून नाई गळलं रे?" मी विचारलं.

त्यानं मुठीतली वाळू खाली सोडली. "गळलंच असंल. बाकीचे सारे बाथरूम खाली हायेत. खाली मातीच हाय. माती काय सांगते?" मग म्हणाला, "मी लोकायचे साबन वाचवले अन् भिती सडवल्या."

पुंजाजींकडे त्यानं कोनाडा नव्यानं केला, तळाचा ढाळ बाहेरच्या बाजूला देऊन. आतून पाणी अडवणारा थर दिला, सांधे पुन्हा भरले. छताची ओल सुकायला दिवाळी आली. तोवर महादेव माझ्या घरी राहायला होते.

त्यानंतर देवमन छन्नी-हातोडा घेऊन दारोदार फिरला. ज्यांनी कधी तक्रार केली नव्हती, त्यांच्या बाथरूमात जाऊन कोनाडे फोडत सुटला. लोक भडकले. गोविंदसिंग ठाकुरांनी तर त्याला काठी घेऊन हाकललं, कारण त्यांच्या सूनबाई आत आंघोळीलाच होत्या. दुसऱ्या दिवशी देवमन परत तिथं गेला, दारात बसून राहिला, आणि संध्याकाळपर्यंत कोनाडा सरळ करून आला. आमच्या घरी आला तेव्हा माझी बायको म्हणाली, "भाऊ, चहा तरी घ्या." त्यानं मान हलवली. "पयले भीत उघडू द्या, वयनी. मले तोंड दाखवाले जागा नाई अन् तुमी चहा देऊन राह्यल्या." आमची भिंत उघडली, तर टाइलमागची माती भज्यांच्या पिठाइतकी मऊ झालेली.

वर्ष असंच गेलं. मग हळूहळू त्याचं तोंड पुन्हा सुरू झालं. पण एक खोड नवी लागली. काम संपलं की तो आधी स्वतः आत जाऊन आंघोळ करतो. पिशवीत टॉवेल, साबण, कंगवा सगळं घेऊन येतो. अर्धा तास पाणी सोडतो, भिंतीवर उडवतो, कोनाड्यात ओंजळी भरभरून टाकतो, आणि मगच घर मालकाच्या ताब्यात देतो. कितीतरी जणांना हे आवडत नाही. नव्या कोऱ्या बाथरूमात पहिली आंघोळ मिस्त्रीची, हे कोणाला आवडेल?

परवा शेलूबाजारला एका खतवाल्या व्यापाऱ्याच्या दुमजली घराची वास्तुशांत होती. व्यापाऱ्याची इच्छा अशी, की वरच्या बाथरूमात पहिलं स्नान त्यांच्या महाराजांनी करावं. मी तिथं जेवायला गेलो होतो. महाराज जिन्याजवळ खुर्चीवर बसलेले, खांद्यावर भगवा टॉवेल. बाथरूमाचं दार आतून बंद.

व्यापाऱ्यानं दार वाजवलं. "देवमन, महाराज थांबले हायेत!"

"थांबू द्या. पयले मी."

"अरे, मुहूर्त चालला!"

"मुहूर्त गेला तं दुसरा भेटंल," आतून आवाज आला. "स्लॅब दुसरा भेटनार नाई. कोनी तरी खाली जाऊन छत पाहा अन् मले सांगा."

महाराजांनी डोळे मिटले. व्यापारी स्वतः धावत खाली गेला, सोवळं सावरत छताकडे मान वर करून उभा राहिला. कोरडं, कोरडं, असं तो दोनदा ओरडला. मग दार उघडलं आणि वाफेतून देवमन टॉवेल गुंडाळून बाहेर आला.

"जा आता, महाराज. बिनधास्त जा," तो म्हणाला. "फक्त गरम पानी संपलं हाय."