आबांचा दहावा आणि माझा नवा घाट

तमाम ग्रामस्थ, भाऊबंद, मागे राहिलेले आणि परदेशी स्थायिक झालेले सन्माननीय पळपुटे यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, इंदापूर तालुक्यातल्या कावळ्यांनी आमच्या गावच्या नव्या दशक्रिया घाटावर बहिष्कार टाकला आहे. घाट बांधणारा आर्किटेक्ट मी. गावचा सरपंचही मीच. आणि ज्यांच्या दहाव्याला हा बहिष्कार उघड झाला, ते माझे वडील, आबा.

मी गाव सोडलं तेव्हा बारामतीच्या एस.टी. स्टँडवर अर्धी भावकी लोटली होती. भर मे महिन्यात मी कोट घालून उभा, गळ्यात तीन हार, हातात नारळ. वरातीला निघालोय की विसर्जनाला, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कळत नव्हतं. तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, भाषण ठोकलं. आबा तेवढे माझी ड्रॉइंगची नळी काखेत धरून बाजूला. त्यांचं जन्मगाव उजनी धरणाच्या पाण्यात गेलेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनं देऊळ वर यायचं, लोक होडीतून दर्शनाला जायचे. आबा कधी गेले नाहीत. गाडी हलली तशी नळी खिडकीतून आत सारत म्हणाले, "मागं वळून बघू नगंस. मागं पाणीच हाय."

अठरा वर्षं मी रॉटरडॅमला होतो. एक म्युझियम, एक पूल, दोन बक्षिसं. लेक डच बोलायला लागली, तिला मी पुरणपोळी पॅनकेक म्हणून खायला घालायला लागलो. पण सुट्टीत गावी आलो की डोकं फिरायचं. शाळेचं छत गळतंय, दवाखान्याच्या पायऱ्या म्हाताऱ्यांना चढवत नाहीत. शेवटी राजीनामा दिला. बायको म्हणाली, एकच टर्म. लेकीने पाच वर्षं पुढची तारीख तिकडच्या फ्रिजवर चिकटवली. मी उभा राहिलो आणि, सांगायला आनंद होतो, निवडून आलो.

आमच्या भागात राजकारणाची शाळा दहाव्याला भरते, हे मला तात्यांनी शिकवलं. लग्न चुकलं तर लोक माफ करतात. दहावा चुकला तर मतात दिसतं. पांढरा शर्ट, पुढची सतरंजी, माइक आला की दोन मिनिटं गेलेल्याच्या प्रेमळ स्वभावाबद्दल, ओळख असो वा नसो. एकदा कळंबला मी नावात गल्लत करून मयताच्या जिवंत थोरल्या भावालाच श्रद्धांजली वाहिली. त्याने उठून आभार मानले.

इतके दहावे बसून काढल्यावर पहिलं काम मी घाटाचंच हाती घेतलं. तोवर लोक धरणाच्या काठावरच्या चिखलात, बाभळींखाली विधी करायचे. मी शहाबादी फरशी घातली, रुंद पायऱ्या केल्या, वर शिडासारखं चकचकीत स्टीलचं छत. तीन जुन्या बाभळी पाण्याच्या व्ह्यूच्या आड येत होत्या, त्या काढल्या. आबा काठी टेकत सगळं फिरून आले आणि झाडं का पाडली म्हणून विचारलं. मी व्ह्यू म्हणजे काय ते सविस्तर समजावलं. ते म्हणाले, "पाण्याकडं बघून झालंय आमचं," आणि घरी गेले.

घाटावर पहिला दहावा त्यांचाच झाला.

तालुक्यातले यच्चयावत पुढारी आले होते. त्याच आठवड्यात जिल्हा परिषदेचं तिकीट ठरायचं होतं आणि ते मला हवं होतं. खोटं कशाला बोलू, फार हवं होतं. पिंड मांडला, सगळे बाजूला सरले. कावळा शिवला की गेलेला माणूस तृप्त. नाही शिवला तर त्याची काहीतरी इच्छा अडकलेली. ती घरच्यांनी ओळखायची आणि मोठ्याने वचन द्यायचं. तात्यांनी सुरुवात केली. वहिनीला सांभाळू. बांधाचा तंटा मिटवू. पोरगं झेडपीला निवडून आणू. एक पुढारी तर माइकवरून आबांना पाणंद रस्त्याचं आश्वासन देऊन बसले.

कावळे पलीकडच्या काठावर झाडांत ओळीने बसले होते. एक आला, तळपत्या छताभोवती फिरला, टेकायला फांदी दिसेना, परत गेला. नकाशातली चूक जशी एकदम डोळ्यात भरते, तसं मला दिसलं. तीन बाभळी. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की चूक माझी आहे, पिंड उचला आणि शेजारच्या शेतातल्या कडुलिंबाखाली ठेवा. पण ज्याच्या घाटावर कावळा येत नाही त्या सरपंचाला तिकीट कोण देणार? मी फरशीच्या सांध्यांकडे बघत राहिलो. सांधे फार सुरेख जुळले होते.

तासाभराने तात्या माझ्याकडे वळले. "दादाचा जीव तुझ्यात अडकलाय. म्हण, आता परदेशी जायचो न्हाय. कायमचा हितंच ऱ्हातो."

माइक पुढे आला. चुलतभावाच्या हातातल्या फोनवर रॉटरडॅमहून माझी लेक सगळं बघत होती. मी म्हणालो. खणखणीत आवाजात, योग्य जागी थांबून. तेवढं शिकलो होतो. फोनचा पडदा काळा झाला. कावळा आला नाही.

तुम्ही तिकडचे मित्र मला अजून विचारता, घरी परतून कसं वाटतं. घरी म्हणजे कुठे, तेवढं आधी कळवा. तिकडच्या फ्लॅटमध्ये माझ्या टेबलावर आता दुसऱ्याचे कागद आहेत. इथे माझं नाव कोरलंय ते स्मशानाशेजारच्या फरशीवर.

तर, शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा वळायला बसले. खरा येत नसेल तर हा चालतो. सगळे सुटलो म्हणून उठायला लागले. बायकांत बसलेली माझी आई तेवढी जागची हलली नाही. ती एकदम म्हणाली, "त्येंची तसली इच्छा नव्हतीच रं. शेवटपातूर मला इचारत हुते, ह्यो परत कवा जातोय."